पॉवर सीटचे कंट्रोल मॉड्यूल बदलताना: तपासणीपासून कॅलिब्रेशनपर्यंत

पॉवर सीट (विजेच्या मोटारींनी हलणारी सीट) बंद पडली की सीटखालच्या कंट्रोल मॉड्यूलवर, म्हणजे त्या मोटारी चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीवर, सर्वात आधी आळ येतो. खरे तर त्याचा नंबर शेवटी लागायला हवा. मॉड्यूलची जागाच वाईट असते. वरून चहा-पाणी सांडते, खालचे कार्पेट पावसाळाभर दमट राहते आणि सीट पुढे-मागे होताना वायरिंग रोज वाकते. त्यामुळे दोष बहुतेक वेळा कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या सॉकेटमध्ये), अर्थमध्ये (बॉडीला जोडलेल्या मायनसमध्ये) किंवा आतून तुटलेल्या वायरीत निघतो. न तपासता नवे मॉड्यूल लावले तर सीट तशीच बंद राहते, नाहीतर ज्या पाण्याने जुने गेले त्याच पाण्याने काही महिन्यांत नवेही जाते. म्हणून या लेखात बदलण्याच्या कामाइतकीच जागा तपासणीला दिली आहे.

गाडीत मॉड्यूल आहे का?

अनेक गाड्यांच्या पॉवर सीटला मॉड्यूल नसतेच. तिथे सीटच्या बाजूचे स्विच मोटारला थेट वीज देतात आणि उलट दिशेला दाबले की प्लस-मायनसची अदलाबदल करतात. अशी सीट बंद पडली तर फ्यूज, स्विच, वायर आणि मोटार एवढेच तपासायचे असते.

सीटला मेमरी असेल, इग्निशन बंद केल्यावर ती आपोआप मागे सरकत असेल किंवा सीटबरोबर बाहेरचे आरसेही जागा बदलत असतील, तर मॉड्यूल नक्की असते. महिंद्रा एक्सयूव्ही 700 ची वरची व्हेरिएंट, स्कोडा सुपर्ब, मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यूच्या मेमरी सीट या वर्गात येतात. इथे स्विच फक्त इशारा देतो. मोटारला वीज देण्याचे काम मॉड्यूल करते आणि मोटारमधल्या हॉल सेन्सरचे (चुंबकाने मोटारचे फेरे टिपणाऱ्या सेन्सरचे) पल्स मोजून सीट कुठे आहे याचा हिशेबही तेच ठेवते. हा हिशेब लक्षात ठेवा, कारण पुढची अर्धी लक्षणे त्यातूनच उलगडतात.

लक्षणे काय सांगतात

एकही मोटार हलत नसेल तर आधी फ्यूज, मग मॉड्यूलला येणारी वीज आणि अर्थ पाहा. पॉवर सीटचा फ्यूज बहुधा 30 अँपिअरचा असतो. काही गाड्यांत सीटखालीच सर्किट ब्रेकर असतो. तो गरम होऊन तुटतो आणि थंड झाल्यावर आपोआप जोडला जातो, त्यामुळे दोष येतो-जातो असा भास होतो.

एकच हालचाल बंद असेल, समजा पाठ मागे-पुढे होत नाही पण बाकी सगळे चालते, तर संशय त्या मोटारवर, तिच्या दोन वायरींवर किंवा स्विचच्या त्या भागावर घ्या. मॉड्यूलमधला तेवढाच एक भाग जळू शकतो, पण ते क्वचित.

सीट थोडी सरकून थांबते, पुन्हा दाबले की पुन्हा थोडी सरकते, हे लक्षण सर्वात फसवे. यात मॉड्यूल बहुधा ठणठणीत असते. मोटार फिरते आहे, पण पल्स येत नाहीत, म्हणून सीट अडकली असे समजून मॉड्यूल वीज तोडते. हॉल सेन्सर किंवा त्याच्या बारीक वायरी तपासा. बॅटरी पार उतरल्यावर कॅलिब्रेशन (सीटची टोके कुठे आहेत याची नोंद) पुसले गेले तरी काही गाड्या असेच वागतात.

बटणांनी सगळे चालते पण मेमरी चालत नाही, असे असेल तर आधी स्कॅनरने फॉल्ट कोड (गाडीने नोंदवलेले दोषांचे क्रमांक) वाचा. दाराचा स्विच बिघडला असेल किंवा गिअर पार्कमध्ये असल्याची नोंद मिळत नसेल, तर कित्येक गाड्या मेमरी चालू देत नाहीत.

सीट स्वतःहून हलत असेल तर मात्र तपासणीही नंतर. आधी सीटचा फ्यूज काढा आणि तो काढूनच गाडी चालवा. घाटात चालकाची सीट अचानक मागे गेली तर पाय ब्रेकपर्यंत पोहोचणार नाही. स्विचमध्ये गोड पेय सांडून आतले संपर्क चिकटणे हे याचे नेहमीचे कारण आहे.

लोड देऊन मोजा

सीटखालच्या वायरीचा एकच तंतू शिल्लक असला तरी मल्टिमीटर 12 व्होल्ट दाखवतो, कारण मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. मोटारने मागणी केली की तेच व्होल्टेज कोसळते. केवळ मीटरवर विसंबल्यामुळे किती चांगली मॉड्यूल भंगारात जातात, हे या कामातल्या कुणालाही विचारा.

उपाय स्वस्त आहे. हेडलाइटचा 55 वॅटचा बल्ब घ्या आणि त्याला दोन वायरी जोडा. तो साधारण साडेचार अँपिअर ओढतो, म्हणजे मोकळ्या चालणाऱ्या सीट मोटारइतका भार पडतो. मॉड्यूलचा कपलर काढून जाड वीजपुरवठ्याची पिन आणि जाड अर्थची पिन यांच्यामध्ये हा बल्ब लावा. तो पूर्ण प्रकाशात पेटला पाहिजे. तो पेटलेला असतानाच दोन मापे घ्या. बॅटरीच्या मायनसपासून कपलरच्या अर्थ पिनपर्यंत 0.2 व्होल्टपेक्षा कमी आणि बॅटरीच्या प्लसपासून पुरवठ्याच्या पिनपर्यंत 0.5 व्होल्टपेक्षा कमी फरक हवा. अर्थकडे जास्त फरक आला तर सीटखालच्या किंवा दाराच्या उंबऱ्याजवळच्या कार्पेटखाली बॉडीला लावलेला अर्थचा बोल्ट उघडा. तिथे गंज हमखास मिळतो. पिनमध्ये जाड प्रोब कोंबू नका. पिन फाकली की नंतर ती नीट पकडत नाही आणि आपणच नवा दोष तयार करतो.

बल्ब पिवळ्या कपलरला किंवा पिवळ्या नळीतून जाणाऱ्या वायरींना चुकूनही लावायचा नाही. ते एअरबॅग आणि सीटबेल्ट प्रीटेन्शनरचे (अपघातात बेल्ट ताणणाऱ्या भागाचे) वायरिंग असते. मल्टिमीटरच्या ओहम मापाचाही करंट तिथे जाऊ देऊ नये.

आता स्कॅनर (गाडीतल्या मॉड्यूलशी बोलणारे यंत्र) जोडा. स्कोडा, फोक्सवॅगन आणि ऑडीमध्ये चालकाच्या सीट मेमरीचा पत्ता 36 आहे. स्कॅनरचा मॉड्यूलशी संवाद होत असेल तर लाइव्ह डेटामध्ये प्रत्येक बटण दाबून पाहा. बटणाची नोंद दिसते आहे, वीज आणि अर्थ लोडवर नीट आहेत, मोटार थेट विजेवर फिरते, तरीही मॉड्यूलच्या मोटारकडच्या पिनांवर काहीच येत नाही, एवढे सिद्ध झाले तरच मॉड्यूल दोषी धरा. संवादच होत नसेल तर कॅनच्या (गाडीतली मॉड्यूल एकमेकांशी बोलतात त्या जोडणीच्या) पीळ दिलेल्या दोन वायरी मॉड्यूलच्या कपलरपर्यंत सलग आहेत का ते पाहा. सीट सरकताना वाकणाऱ्या वळणावर त्या तुटतात. वरचे प्लास्टिक शाबूत आणि आतले तांबे तुटलेले, असे बऱ्याचदा होते. वायर हळूच ओढून पाहा. तुटलेल्या जागी ती रबरासारखी ताणली जाते. पावसाळ्यात पार्किंगमधल्या गाडीत उंदीर शिरतात, तेव्हा कुरतडल्याच्या खुणाही शोधा.

आणखी एक जागा पाहायला विसरू नका. बाहेरून बसवलेला सीटखालचा बेस ट्यूब (स्पीकर), पंख्याचे सीट कव्हर किंवा रंगीत दिवे यांसाठी कुणीतरी सीटच्या वायरीतून वीज चोरून घेतलेली असते. असा जोड दिसला तर तो आधी काढा.

नवे किंवा जुने मॉड्यूल घेताना

गाडीचे मॉडेल आणि वर्ष सांगून भाग मागवू नका. जुन्या मॉड्यूलवरच्या लेबलाचा फोटो काढा आणि पार्ट नंबर शेवटच्या अक्षरासकट जुळवा. ते अक्षर बऱ्याचदा हार्डवेअर किंवा सॉफ्टवेअरची आवृत्ती सांगते. व्हेंटिलेटेड, मसाजची आणि साधी मेमरी सीट यांची मॉड्यूल बाहेरून सारखी दिसू शकतात, कपलरही बसतात, पण आतला कारभार वेगळा असतो. कंपनीने जुन्या नंबरऐवजी नवा नंबर आणला असेल तर चेसिस नंबर देऊन तशी खात्री करून घ्या.

वापरलेले मॉड्यूल स्वस्त पडते आणि ते घेण्यात गैर काही नाही, पण दोन अटींवर. पहिली अट म्हणजे ते पुरात बुडालेल्या गाडीचे नसावे. 2019 च्या कोल्हापूर-सांगलीच्या महापुरासारख्या घटनांनंतर बुडालेल्या गाड्यांचे भाग सुटे होऊन बाजारात फिरतात. कपलरच्या पिनांवर हिरवट-पांढरी पूड, केसिंगच्या सांध्यात सुकलेला गाळ किंवा स्क्रूवर गंज दिसला तर परत द्या. दुसरी अट कोडिंगची, म्हणजे मॉड्यूलमध्ये गाडीची माहिती भरण्याची. काही महागड्या गाड्यांत मॉड्यूल मूळ गाडीच्या चेसिस नंबरशी बांधलेले असते आणि कंपनीच्या ऑनलाइन यंत्रणेशिवाय दुसऱ्या गाडीत चालत नाही. पैसे देण्याआधी हे विचारा.

काढण्याआधीची तयारी

लागणारे सामान: टॉर्क रेंच, गोटी पान्यांचा सेट, टी-45, टी-50 आणि टी-55 स्टार बिट, मॉड्यूलच्या स्क्रूसाठी टी-20 आणि छोटा फिलिप्स, प्लास्टिकची प्राय पट्टी, काँटॅक्ट क्लीनर, 15 अँपिअरचा फ्यूज बसवलेल्या दोन जंप वायरी, वेगळी 12 व्होल्टची बॅटरी, दोन जाड चादरी आणि कोडिंग करू शकणारा स्कॅनर. सीट उचलायला दुसरा माणूस हवाच. पॉवर सीटचे वजन तीस किलोच्या आसपास जाते आणि पकडायला सोयीची जागा नसते.

जुने मॉड्यूल स्कॅनरशी बोलत असेल तर त्याचे कोडिंग आणि अ‍ॅडाप्टेशनच्या (त्या गाडीला जुळवलेल्या) संख्या आत्ताच जपून ठेवा, स्क्रीनचे फोटो काढा. हे काम राहिले तर नंतर त्या संख्या कुठून आणायच्या, हा प्रश्न सीट बसवण्यापेक्षा अवघड होतो.

आता सीटचे बोल्ट उघडे करायचे. पुढचे बोल्ट दिसायला सीट मागे न्यावी लागते, मागचे दिसायला पुढे. मॉड्यूल मेले असेल तर सीट हलत नाही, आणि नेमके इथेच काम अडते. पुढे-मागे करणाऱ्या मोटारचा कपलर काढा आणि त्या मोटारला वेगळ्या बॅटरीवरून, फ्यूज असलेल्या वायरींनी थेट वीज द्या. दिशा बदलायला वायरींची अदलाबदल करा. कपलर न काढता वीज दिली तर ती उलटी मॉड्यूलमध्ये शिरते. दुसरी दक्षता: त्याच कपलरमध्ये हॉल सेन्सरच्या बारीक पिना असतात. 12 व्होल्ट फक्त दोन जाड पिनांना द्यायचे. बारीक पिनेला लागले की सेन्सर जागच्या जागी जातो आणि आता नवी मोटार घ्यावी लागते. एक-दोन सेकंदांचे झटके देत सीट सरकवा, हात रेलपासून लांब ठेवा आणि टोकाला पोहोचल्यावर वीज लगेच तोडा.

रेलवरची प्लास्टिकची टोपणे काढा. आधी सीट पुढे घेऊन मागचे दोन बोल्ट काढा, नंतर मागे घेऊन पुढचे दोन. शेवटी सीट रेलच्या मधोमध आणा, पाठ सरळ करा, हेडरेस्ट काढा.

बॅटरी आणि एअरबॅग

इग्निशन बंद करा, किल्ली गाडीपासून दूर ठेवा आणि बॅटरीचा मायनस काढा. बॅटरी डिकीत असेल तर डिकी बंद होणार नाही अशी व्यवस्था करा. डिकीचे कुलूप विजेवर असते आणि ती बंद झाली की बॅटरीपर्यंत पोहोचणे अवघड होते.

त्यानंतर थांबायचे. एअरबॅगच्या युनिटमध्ये बॅटरी काढल्यावरही काही काळ वीज साठलेली असते. कंपन्यांचे आकडे 90 सेकंद ते 3 मिनिटे किंवा अधिक असे वेगवेगळे आहेत. सरसकट 10 मिनिटे थांबलात तर बहुतेक गाड्यांत पुरते. तुमच्या गाडीच्या पुस्तकात जास्त लिहिले असेल तर तेच पाळा. हात लावण्याआधी बॉडीच्या उघड्या धातूला स्पर्श करून अंगावरची स्थिर वीज उतरवा. मग सीट मागे कलवून खालचे कपलर सोडा. पिवळ्या कपलरला दुहेरी लॉक असते. आधी लॉकची पट्टी बाहेर ओढा, मग कपलर. जोर लावावा लागत असेल तर लॉक अजून सुटलेले नाही.

पिवळा कपलर सुटलेला असताना बॅटरी जोडून इग्निशन चालू करायचे नाही. तसे केले की एअरबॅगचा फॉल्ट नोंदवला जातो आणि तो दिवा पुष्कळ गाड्यांत स्कॅनरशिवाय विझत नाही.

मॉड्यूल बदलणे

बऱ्याच गाड्यांत सीट बाहेर काढावीच लागत नाही. चारही बोल्ट काढून ती मागच्या बाजूला आडवी केली की खालून मॉड्यूल हाताला येते. बाहेर काढायची असेल तर उंबऱ्यावर आणि दाराच्या पॅनलवर चादर टाका. रेलची टोके धारदार असतात आणि एका ओरखड्यात पॅनल खराब करतात.

सोडण्याआधी सगळ्या कपलरचे आणि वायरीच्या वळणांचे फोटो काढा. एक-दोन स्क्रू किंवा प्लास्टिकच्या खाचा काढल्या की मॉड्यूल मोकळे होते. ते हातात आल्यावर पिना बारकाईने पाहा. हिरवा गंज असेल तर कारण पाणी, काळपटलेली एकच पिन असेल तर कारण सैल संपर्क. दोन्ही बाबतीत दोष मॉड्यूलच्या बाहेर आहे आणि तो आत्ताच काढायचा. कपलर काँटॅक्ट क्लीनरने धुवा, वाळू द्या. पॉलिश पेपरने पिना घासू नका, त्यावरचा मुलामा निघतो. सैल झालेली पिन बदला. तुटलेली साधी वायर क्रिम्प करून (धातूच्या नळीत दाबून जोडून) त्यावर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा आणि जोड वाकणाऱ्या जागेपासून लांब घ्या. पिवळ्या वायरींना असा जोड देऊ नये. तिथे कंपनीने सांगितलेलीच दुरुस्ती करा.

नवे मॉड्यूल जुन्याच दिशेने बसवा. कपलरची तोंडे खाली किंवा आडवी ठेवलेली असतात, कारण सांडलेले पाणी आत न शिरता ओघळून जावे. उलटे बसवले तर कपलर पाण्याची वाटी होतो. वायरी मूळ क्लिपांमध्येच अडकवा आणि सीट वर-खाली, पुढे-मागे गेली तर कुठली वायर चिमटेल का, हे बोट फिरवून पाहा.

सीट बाहेर असताना गंमत म्हणूनही मोटारी चालवू नका. एका मोटारवर दोन रेल चालतात. मोकळ्या सीटमध्ये दोन्हींचा ताळमेळ बिघडला तर सीट जमिनीवरच्या भोकांशी जुळत नाही.

कार्पेट हाताने दाबून पाहण्याची हीच वेळ. ओले लागले तर सनरूफच्या ड्रेन नळ्या, एसीच्या पाण्याची नळी आणि दारांची रबरे तपासा. कार्पेटखालचा स्पंज टिपून कोरडा करा, तळाशी पाणी साठलेले असेल तर कार्पेट उचलूनच वाळवा.

परत बसवणे

सीट जागेवर ठेवा, कपलर जोडा, पिवळ्याचे दोन्ही लॉक बसल्याचा आवाज ऐका. चारही बोल्ट आधी हाताने दोन-तीन आटे फिरवून घ्या. एक पूर्ण आवळला आणि दुसरा तिरका लागला तर आटे जातात, आणि हे बोल्ट अपघातात माणसाला जागेवर ठेवणारे आहेत. एम-10 बोल्टला साधारण 40 ते 50 न्यूटन-मीटर टॉर्क लागतो, पण नेमका आकडा आणि आवळण्याचा क्रम गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या. आट्यांवर रंगीत लॉकिंग लेप असलेले बोल्ट काही कंपन्या दर वेळी नवे लावायला सांगतात. सीट हलू लागल्याशिवाय पुढचे बोल्ट पूर्ण आवळता येत नसतील तर ते हाताने घट्ट करा आणि सीट मागे गेल्यावर टॉर्क द्या.

बॅटरी जोडताना गाडीत कुणी बसलेले नसावे. इग्निशन चालू करताना बाहेर उभे राहून हात आत घाला. एअरबॅगचा दिवा पेटून काही सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही तर पुन्हा बॅटरी काढा, थांबा आणि पिवळा कपलर पाहा.

कोडिंग आणि कॅलिब्रेशन

नवे मॉड्यूल कोरे असते. ही गाडी उजव्या स्टिअरिंगची आहे, लंबर सपोर्ट (कमरेचा आधार) आहे की नाही, आरसे मेमरीशी जोडलेले आहेत की नाही, हे त्याला कोडिंगने सांगावे लागते. कोडिंग करताना बॅटरीला चार्जर किंवा सपोर्ट युनिट लावून ठेवा. मध्येच व्होल्टेज पडले तर मॉड्यूल अर्धवट अवस्थेत अडकू शकते. जपून ठेवलेले जुने कोडिंग इथे कामाला येते.

त्यानंतर टोके शिकवायची. स्कॅनरमध्ये बेसिक सेटिंग किंवा सीट कॅलिब्रेशन नावाचा कार्यक्रम असेल तर तोच चालवा. नसेल तर अनेक गाड्यांत प्रत्येक हालचाल एका टोकाला नेऊन बटण दोन-तीन सेकंद दाबून ठेवायचे आणि मग दुसऱ्या टोकाला तसेच करायचे असते.

सुरू करण्याआधी सीटखाली आणि मागे काही राहिले नाही ना, ते पाहा. पाण्याची बाटली, छत्री, मागच्या सीटवरची बॅग किंवा जाड फूटमॅट आडवे आले तर मॉड्यूल त्यालाच टोक समजते. मग सीट पूर्ण मागे जातच नाही आणि नवा भागही खराब निघाला असे वाटते. मागे लहान मूल बसलेले असताना हे कधीही करू नका. या टप्प्यावर मॉड्यूलला टोके माहीत नसतात, त्यामुळे अडथळा ओळखण्यावर भरवसा ठेवता येत नाही.

तपासताना 1 नंबरवर एक जागा साठवा, सीट दुसरीकडे न्या, 1 दाबा. ती त्याच जागी परत आली पाहिजे. परत येत असताना मध्येच सीटचे दुसरे कुठलेही बटण दाबा. सीट तत्काळ थांबली पाहिजे. ही सुरक्षेची सोय आहे, ती चालत नसेल तर गाडी देऊ नका. घरातल्या वेगवेगळ्या किल्ल्यांना वेगवेगळ्या जागा जोडलेल्या असतील तर त्याही पुन्हा साठवा. बॅटरी काढलेली असल्याने काचांची एका बोटात वर जाण्याची सोय, घड्याळ आणि काही गाड्यांत स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर पुन्हा जुळवावा लागतो. सगळे फॉल्ट कोड पुसा, गाडी थोडी चालवून आणा आणि पुन्हा वाचा.

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी उतरत होती अशी मूळ तक्रार असेल, तर शेवटी स्लीप करंट (गाडी बंद असताना बॅटरीतून जाणारा करंट) मोजा. बॉनेटचे आणि दाराचे लॉक स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत आणा, म्हणजे गाडीला सगळे मिटलेले वाटते. किल्ली दूर ठेवून अर्धा-पाऊण तास थांबा आणि क्लॅम्प मीटरने बॅटरीच्या मायनस वायरीतला करंट पाहा. बहुतेक गाड्यांत तो 50 मिलिअँपिअरच्या आत असतो. जास्त असेल तर सीटचा फ्यूज काढू नका, त्याने झोपलेली मॉड्यूल जागी होतात. फ्यूजच्या दोन टोकांवरचा मिलिव्होल्टमधला फरक मोजा. तिथे शून्य असेल तर बॅटरी खाणारा भाग सीटमध्ये नाही, दुसऱ्या सर्किटमध्ये आहे. दार मिटण्याआधी हँडल ओढून त्याचे लॉक परत मोकळे करा.